पाणचक्की : दगड, पाणी आणि मालकी

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाकरी रोज ताटात येते. पण पीठ कसे होते हा प्रश्न आज शहरातल्या तरुण कार्यकर्त्याला सहसा पडत नाही. डबा गिरणीत ठेवायचा आणि येताना उचलायचा, एवढाच त्याचा पिठाशी संबंध उरला आहे. आणि तयार पिठाची पिशवी घरात येऊ लागल्यापासून तोही सुटत चालला आहे. घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीला मात्र हा प्रश्न विचारावा. कोंबडा आरवण्याआधी उठणे, जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरून बसणे, एका हाताने वैरण घालत दुसऱ्या हाताने पाळ फिरवणे, तळहाताला पडलेले घट्टे, भरून आलेले खांदे, आणि हे सर्व दिवसाच्या खऱ्या कामाला सुरुवात होण्यापूर्वी! जात्यावरच्या ओव्यांचे आपल्या साहित्यात पुष्कळ कौतुक झाले आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु ओवी ही मुळात श्रमाचा भार हलका करण्यासाठी जन्मली, ही गोष्ट त्या कौतुकाच्या भरात अनेकदा विसरली जाते.

मानवाने धान्य पिकवावयास सुरुवात केली तेव्हापासून हा भार त्याच्या, किंबहुना तिच्या, माथी आला. गव्हाचा वा नाचणीचा दाणा दिसावयास लहान, पण त्याचे कवच चिवट आणि गाभा कठीण असतो. तो चिरडून, सोलवटून, बारीक करून घेतल्याशिवाय त्याचा पाव होत नाही आणि भाकरीही होत नाही. त्यासाठी लागणारी शक्ती हजारो वर्षे माणसाच्या दंडातून आली. ज्या समाजात गुलाम होते तेथे ती गुलाम स्त्रियांच्या दंडातून आली. जेथे गुलाम नव्हते तेथे घरच्या सुनेच्या. सतत काम करणाऱ्या माणसाची ताकद मोजली तर ती जेमतेम एक दशांश अश्वशक्ती भरते. वाहत्या पाण्याने हे काम अंगावर घेतले तेव्हा इतिहासात प्रथमच एक निर्जीव शक्ती अखंड फिरत्या यंत्राला जुंपली गेली. या यंत्राची रचना समजून घेणे आणि त्या यंत्रावर कोणी कसा ताबा मिळविला हे पाहणे, असा आजचा दुहेरी विषय आहे.

पाणचक्कीचा जन्म सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशातला मानला जातो. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या काबिरा येथील पाणचक्कीचा उल्लेख केला आहे. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस तिच्या दातेरी चाकांचे वर्णन लिहून ठेवले. त्याच सुमारास थेसालोनिकाच्या अँटिपाटर नावाच्या कवीने या यंत्राचे स्वागत केले. दळणाऱ्या मुलींनी आता खुशाल उशिरापर्यंत झोपावे, त्यांचे काम जलदेवता करीत आहेत, असा त्याच्या कवितेचा आशय आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या कवीची मुद्दाम आठवण काढली आहे. ती का, हे पुढे येईल.

खुंट्याऐवजी आस

पाणचक्कीची सर्वांत साधी जात आजही हिमालयात पाहावयास मिळते. काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत ती निरनिराळ्या नावांनी ओळखली जाते. गढवाल, कुमाऊँ आणि हिमाचलात तिला घराट म्हणतात. ज्याने जाते पाहिले आहे त्याला घराट समजावयास वेळ लागत नाही. जात्यात खालची तळी स्थिर आणि वरची पाळ फिरती. घराटातही तसेच. फरक एवढाच की पाळ फिरविणारी शक्ती वरून खुंट्यातून येत नाही, ती खालून येते. ओढ्याचे पाणी वर कोठेतरी अडवून ‘गूल’ नावाच्या लहानशा पाटाने उतारावरून आणतात. पाटाच्या टोकाशी कोरलेल्या लाकडाचा तीव्र उताराचा पन्हळ असतो. तो टोकाकडे निमुळता होत गेलेला असल्यामुळे पाण्याची धार जोराने सुटते आणि खाली आडव्या बसविलेल्या चाकाच्या तिरप्या लाकडी पात्यांवर आदळते. चाकाच्या मध्यातून एक उभी आस निघते. तिचे खालचे टोक कठीण दगडावर वा लोखंडी तुकड्यावर टेकलेले असते आणि वरचे टोक तळीच्या भोकातून वर येऊन पाळेत अडकविलेल्या लोखंडी पट्टीला धरते. चाकाचा एक फेरा म्हणजे पाळेचा एक फेरा. मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. गावातला सुतार आणि लोहार मिळून हे सारे उभे करू शकतात. अशा यंत्राची शक्ती एक किलोवॉटच्या आतबाहेर असते आणि तासाला दहावीस किलो धान्य त्यात दळले जाते. आकडा लहान वाटेल. पण घराट रात्रीही चालते, आणि त्याचे खांदे दुखत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाची पाणचक्की म्हणजे औरंगाबादेतील, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची. मराठवाड्यातील उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून तेथील कारागिरांनी काही किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालील नहरीतून आणले, त्याच्या स्वतःच्याच दाबाने ते एका उंच भिंतीत चढविले आणि तेथून खाली सोडले. दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी आणि सैन्यासाठी येथे धान्य दळले जाई. पर्यटक तेथील हौदाचे छायाचित्र काढतात. त्या पाण्यावर दगड फिरत असे, हे काहींच्या लक्षात येते, काहींच्या येत नाही.

सपाट प्रदेशातील नद्यांना मात्र असा तीव्र उतार नसतो. तेथे पाणी पुष्कळ पण वेग कमी. अशा ठिकाणी उभे चाक उपयोगी पडते, आणि युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, याच प्रकारचा विकास झाला. नदीवर बंधारा घालून पाण्याची पातळी उचलावयाची, पाटाने ते पाणी चक्कीच्या तळ्यात साठवावयाचे आणि दार उघडून चाकावर सोडावयाचे. काही चाकांना पाणी खालून ढकलते. काहींवर ते माथ्यावरून, चाकाच्या परिघावरील खणांत पडते आणि आपल्या वजनाने चाक फिरविते. या दोहोंत अधिक काम कोणते करते याचा निकाल कित्येक शतके अंदाजानेच लावला जात होता. १७५९ साली जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने लहान प्रतिकृतींवर मोजमापे घेऊन दाखवून दिले की, वरून पडणारे पाणी खालून ढकलणाऱ्या पाण्याच्या सुमारे दुप्पट काम देते. अठराशे वर्षे कारागिरांनी हाताने जे जाणले होते त्याला त्याने आकड्यांत बसविले.

उभ्या चाकाची आस आडवी असते आणि दगड तर आडवाच फिरावयास हवा. येथेच दातेरी चाकांची गरज निर्माण झाली. चाकाच्या आसेवर, इमारतीच्या आत, कठीण लाकडाचे दाते बसविलेले एक मोठे उभे चक्र असे. त्याचे दाते दोन लाकडी तबकड्यांमध्ये उभ्या दांड्या ठोकून केलेल्या पिंजऱ्यात अडकत आणि त्या पिंजऱ्याबरोबर उभा लोखंडी गज फिरे. मोठ्या चक्राला दाते अधिक, पिंजऱ्याला दांड्या कमी; म्हणून पाण्याचे चाक संथपणे एकदा फिरले की दगड अनेकदा फिरे. पुढे हीच वाढ दोन टप्प्यांत होऊ लागली तेव्हा मिनिटाला दहा फेरे घेणाऱ्या चाकाकडून दगडाला शंभराहून अधिक फेरे मिळू लागले. एखादा दाता तुटला तर तेवढाच काढून नवा ठोकावयाचा. शक्तीची दिशा बदलणे, वेग वाढविणे आणि मोडलेला भाग सुटा बदलणे या तिन्ही गोष्टी माणूस पिठाच्या चक्कीत शिकला.

दगडाला दगड लागू न देणे

दगडांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण दळण्याचे सारे कौशल्य तेथेच आहे. इंग्लंडमधील पाणचक्कीच्या दगडाचा व्यास साधारण चार फूट आणि वजन टनाच्या आसपास. डर्बिशायरच्या डोंगरांतील खरबरीत वालुकाश्म, ऱ्हाइनच्या खोऱ्यातील मायेन येथील काळा ज्वालामुखी दगड, आणि पुढे पांढऱ्या पिठासाठी पॅरिसजवळच्या ला फेर्ते-सू-झ्वार येथील कठीण गारगोटीचा दगड हे प्रसिद्ध होते. हा शेवटचा दगड लहान तुकड्यांनी सांधून, भोवती लोखंडी धाव बसवून तयार करीत.

दोन्ही दगडांच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असतात. वरचा दगड उलटा ठेवल्यामुळे त्याच्या खाचा खालच्या खाचांना तिरक्या छेदतात आणि फिरताना असंख्य कात्र्या मिटत-उघडत असल्यासारखे होते. दाणा मध्यभागी पडतो, प्रथम कापला जातो, मग कडेकडे सरकता सरकता भरडला जातो, आणि शेवटी काठावरून पीठ होऊन बाहेर पडतो. खाचांतून थोडी हवाही खेळते. तिचे महत्त्व फार, कारण दळताना पीठ तापते, आणि तापलेल्या पिठाची चव आणि टिकाऊपणा दोन्ही जातात.

दोन दगडांनी एकमेकांना स्पर्श करता कामा नये. दळणारे सांगत की, मध्याशी जाड तपकिरी कागद जाईल इतके आणि काठाशी झिरझिरीत पातळ कागद जाईल इतकेच अंतर असावे. एक टनाचा दगड मिनिटाला शंभर फेरे घेतो आहे आणि त्याच्या काठाखाली कागदाएवढी फट कायम राखावयाची! दगड टेकले तर ठिणग्या उडतात, पिठात कच येते, आणि पिठाच्या धुळीने भरलेल्या त्या लाकडी इमारतीत एक ठिणगी पुरेशी असते. फार दूर गेले तर नुसता भरडा पडतो. म्हणून ज्या तुळईवर उभा गज टेकलेला असतो ती एका स्क्रूने किंवा तरफेने केसभर वरखाली करता येईल अशी व्यवस्था असते. पाणी वाढले, दगडाचा वेग वाढला की तो किंचित उचलला जाण्याकडे कल घेतो. लगेच फट सावरावी लागते. दळणारा हे डोळ्यांनी करीत नसे. काठावरून पडणारे पीठ अंगठा आणि बोट यांमध्ये चोळून तो फट ठीक आहे की नाही ते ओळखे.

धान्य घालण्याची व्यवस्था हा तर छोट्या स्वयंचलित यंत्राचाच नमुना होता. दगडाच्या वर नरसाळ्यासारखी पेटी असते आणि तिच्या खाली एक तिरका पन्हळ टांगलेला असतो. फिरत्या गजाचे चौकोनी टोक या पन्हळाला सतत धक्के देते. प्रत्येक धक्क्याला थोडे दाणे दगडाच्या डोळ्यात पडतात. दगड जोरात फिरला तर धक्के वाढतात आणि धान्य अधिक पडते. दगड मंदावला तर कमी. माणसाने लक्ष न देताही यंत्र स्वतःच्या भुकेप्रमाणे स्वतःला वैरण घालते. पेटीतले धान्य संपत आले की एक घंटा वाजावी अशी सोय असे, कारण रिकामे फिरणारे दगड एकमेकांना खातात. अखंड बडबडणाऱ्या त्या दांडीला इंग्रज दळणारे ‘डॅमझेल’ म्हणजे तरुणी म्हणत. स्त्रियांच्या हातचे जाते ज्या यंत्राने सोडविले त्या यंत्रातही पुरुषांनी आपली थट्टा सोडली नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

खाचा झिजतात. काही आठवड्यांच्या सततच्या दळणानंतर वरचा दगड उचलून, उलटा करून, पोलादी टाकीने त्या पुन्हा कोराव्या लागतात. आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे गावोगाव फिरत, तसेच तेथेही दगड कोरणारे कारागीर चक्क्यांमधून फिरत. दिवसचे दिवस कोपरावर टेकून ते हे काम करीत, आणि टाकीचे उडालेले बारीक पोलादी कण त्यांच्या हातांच्या पाठीत कायमचे रुतून बसत. कामाला आलेल्या नव्या कारागिराचे हात पाहून त्याचा अनुभव जोखला जाई, असे सांगतात.

पाणी सरदाराचे, दगड मठाचे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जाते घरात असते. ते लहान असते, स्वस्त असते, बाई ते स्वतः सांभाळते. पाणचक्की तशी नाही. तिला नदीचा काठ हवा, बंधारा हवा, पाट हवा, टनभराचे दगड दुरून आणवावयास हवेत, सुतार हवेत. एवढे साधन सरंजामी समाजात कोणाजवळ होते? ज्याच्याजवळ जमीन आणि नदी होती त्याच्याजवळ. विल्यम राजाच्या हुकमाने १०८६ साली झालेल्या इंग्लंडच्या पाहणीत साडेपाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आहे. आणि ही नोंद सरदारांच्या व मठांच्या उत्पन्नाची बाब म्हणून झाली आहे.

या उत्पन्नाची खात्री करण्यासाठी नुसती चक्की बांधणे पुरेसे नव्हते. ज्यांची दळणे त्यावर यावयाची त्यांना दुसरीकडे जाण्यास बंदी करणे आवश्यक होते. म्हणून जहागिरीतील कुळांनी आपले धान्य मालकाच्याच चक्कीवर दळले पाहिजे असा दंडक बसला. दळणाबद्दल पिठाचा वा धान्याचा ठराविक भाग मालकाला मिळे. फ्रान्समध्ये हीच सक्ती चक्की, भट्टी आणि द्राक्षरसाचा घाणा या तिन्हींवर होती. आणि या सक्तीचा सर्वांत मोठा शत्रू कोण होता? तर घराच्या कोपऱ्यातले लहानसे जाते. ज्या घरात जाते आहे ते घर चक्कीवर अवलंबून नाही. त्यामुळे जाती जप्त करणे, फोडणे, बाळगणाऱ्यास दंड करणे हे सरंजामदारांचे नित्याचे काम होऊन बसले. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक याने १९३५ साली पाणचक्कीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हा झगडा उलगडून दाखविला आहे. पुढे फ्रान्सवर नाझींचा ताबा असताना प्रतिकार चळवळीत सामील झालेल्या या इतिहासकाराला १९४४ साली गेस्टापोने गोळ्या घातल्या.

या झगड्याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या उत्तरेस असलेल्या सेंट ऑल्बन्स या गावाचे आहे. गाव तेथील बलाढ्य मठाच्या मालकीचे होते. दळण मठाच्या चक्कीवर आणि लोकरीचे कापड घट्ट करण्याचे कामही मठाच्याच चक्कीवर, असा मठाचा आग्रह. तर ही कामे घरी करण्याचा आमचा हक्क आहे, असा गावकऱ्यांचा दावा. १२७४ साली हा तंटा इतका पेटला की, राणी एलिनॉर गावात येत असता स्त्रियांनी तिच्या वाहनाला गराडा घालून तिच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. न्यायालयाने निकाल मठाच्या बाजूने दिला. १३२७ साली गावकऱ्यांनी उठाव करून मठाकडून सनद मिळविली आणि घरोघर पुन्हा जाती फिरू लागली.

त्याच साली मठाधिपती झाला रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. लोहाराचा मुलगा, थोर गणिती आणि खगोलज्ञ. सूर्य, चंद्र आणि भरती-ओहोटी दाखविणारे अत्यंत गुंतागुंतीचे दातेरी घड्याळ त्याने मठात उभारावयास घेतले. त्या काळच्या युरोपात तशी यंत्रे फारच थोडी असतील. याच माणसाने १३३१ साली गावातील जाती जप्त करविली आणि त्यांच्या दगडांची फरसबंदी मठाच्या बैठकीच्या दालनात करविली. गावकरी काही मागण्यासाठी मठात आले की, त्यांना आपल्याच जात्यांवर पाय देऊन उभे राहावे लागे.

मार्क्सने २८ जानेवारी १८६३ रोजी एंगेल्सला लिहिलेल्या पत्रात असे मत मांडले आहे की, यंत्रोद्योगाची पूर्वतयारी दोन गोष्टींत झाली : घड्याळ आणि चक्की, त्यातही प्रथम पाणचक्की. सेंट ऑल्बन्सच्या मठात या दोन्ही एका माणसाच्या हाती होत्या. यंत्रविद्येत तो आपल्या काळाच्या पुढे होता आणि मालकीच्या बाबतीत पुरेपूर आपल्या काळाचा.

फरसबंदी पन्नास वर्षे टिकली. १३८१ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला तेव्हा विल्यम ग्रिंडकॉब याच्या नेतृत्वाखाली सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले. त्यांनी त्या दालनातील दगड उखडले, फोडले आणि त्यांचे तुकडे आपसात वाटून घेतले. चर्चमध्ये मंतरलेला पाव वाटतात तसे हे वाटप झाले, असे त्याच मठातील भिक्षू टॉमस वॉल्सिंगम याने लिहून ठेवले आहे. तो उठावाचा कट्टर विरोधक. म्हणूनच त्याच्या साक्षीला मोल आहे. महिन्याभरात राजा फौज आणि न्यायाधीश घेऊन गावात आला. जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकाला १५ जुलै रोजी तेथेच ठार मारण्यात आले. ग्रिंडकॉबलाही फाशी झाली.

येथे थांबून विचार करावयास हवा. पाणचक्की हे जात्यापेक्षा निर्विवाद श्रेष्ठ यंत्र. ती श्रम वाचविते. मग या लोकांनी, आणि विशेष म्हणजे दळण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येत त्या स्त्रियांनी, शंभर वर्षे जात्यासाठी का झगडावे? ते अडाणी होते, प्रगतीचे वैरी होते, असे उत्तर देणारे इतिहासकार झाले आहेत. परंतु चक्कीने वाचविलेला वेळ त्यांच्या हाती पुरता पडत नव्हता. धान्य वाहून न्या, रांगेत थांबा, ओढ्याला पाणी कमी असेल तर परत जा, आणि पिठाचा हिस्सा देऊन या. वाटा मोजणारे माप मालकाचे, मोजणारा हातही मालकाचा. मध्ययुगीन इंग्रजी साहित्यात चक्कीवाला हा लबाडीचा नमुना म्हणून येतो. पण बहुतेक वेळा तो स्वतः मठाचा वा सरदाराचा खंडकरीच असे, आणि खंड वसूल करण्यासाठी मापात हात घालीत असे. शिव्या त्याला मिळत. उत्पन्न वर जाई.

फ्रान्समध्ये ही सक्ती मोडावयास क्रांती व्हावी लागली. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाल्याची घोषणा झाली, पण अनेक हक्कांना मोबदल्याची मेख मारून ठेवण्यात आली होती. शेतकऱ्यांच्या रेट्याखाली १७९३ च्या जुलैमध्ये ती मेख उपटली गेली.

मिल आणि गिरणी

इंग्रजीत ‘मिल’ हा शब्द प्रथम पिठाच्या चक्कीचा. १७७१ साली रिचर्ड आर्कराइट याने डर्बिशायरमधील क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या चाकावर सूत कातणारी यंत्रे बसविली आणि तोच शब्द कापडाच्या कारखान्याला चिकटला. मराठीतही ‘गिरणी’ पिठाची आणि ‘गिरणी’ कापडाची. परळ-लालबागच्या कामगाराने स्वतःला गिरणी कामगार म्हणवून घेतले तेव्हा दळणाचा तो जुना वारसा त्या नावात होताच. पाण्याचे चाक, दातेरी चक्रे, एका आसेवरून अनेक यंत्रांना शक्ती पोहोचविणे या साऱ्या युक्त्या चक्कीतूनच कारखान्यात गेल्या.

अँटिपाटर या कवीची आठवण मार्क्सला झाली ती नेमकी कामाच्या दिवसाची लांबी किती वाढली हे लिहिताना. यंत्र आले की दळणारणीला झोप मिळेल, असे त्या भोळ्या प्राचीनांना वाटले; यंत्र हे कामाचा दिवस लांबविण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे हे त्यांना उमगले नव्हते, असा त्याचा उपरोध आहे. क्रॉमफर्डच्या चाकावर पाणी रात्रंदिवस वाहत होते आणि त्याबरोबर दोन पाळ्यांत कामगार, त्यातही पुष्कळशी मुले, राबत होती.

पिठाच्या उद्योगातही वाफ आली. लंडनमध्ये १७८६ साली बोल्टन आणि वॉट यांच्या वाफेच्या इंजिनांवर चालणारी अल्बियन मिल उभी राहिली. लहान चक्कीवाल्यांची झोप उडाली. १७९१ साली ती जळून खाक झाली तेव्हा बघ्यांनी आनंद साजरा केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टमधून पोलादी रुळांची दळणपद्धती पसरली. तिने कोंडा आणि अंकुर वेगळे काढून शुभ्र, टिकाऊ, दूरवर पाठविता येईल असे पीठ दिले. दगड मागे पडले. अंकुरातले जे पोषण दगडाच्या पिठात राहत असे तेही बहुतांशी मागे पडले. आज ‘दगडी चक्कीचे पीठ’ म्हणून तेच चढ्या भावाने विकले जाते.

घराटांचे काय झाले? ती संपलेली नाहीत. उत्तराखंडात, हिमाचलात आजही ती आहेत. पण डिझेलच्या आणि विजेच्या चक्क्यांपुढे हजारो बंद पडली. काही ठिकाणी लाकडी पात्यांऐवजी धातूची पाती आणि आसेला बेअरिंग बसवून त्यांचे उत्पादन वाढविण्यात आले. त्याच चाकावर रात्री वीज निर्माण करून काही घरांत दिवे लावण्यात आले. पाच किलोवॉटपर्यंतच्या अशा सुधारित पाणचक्क्यांना केंद्र सरकारने साहाय्यही दिले. यंत्र सुधारता येते, यात शंका उरलेली नाही.

प्रश्न पाण्याचा आहे. कुमाऊँ-गढवाल उत्तर प्रदेशाचा भाग असताना १९७५ च्या कायद्याने तेथील पाण्यावरचे परंपरागत हक्क संपवून पाणी राज्याच्या ताब्यात आणले. गूल कोणी काढावी, घराटाला पाणी किती आणि कोणत्या दिवसांत मिळावे, हे पूर्वी गावाच्या रूढीने ठरत असे. आता ते कागदावर ठरते. घराटवाल्याचा वाटा पूर्वीप्रमाणेच पिठात मोजला जातो. मात्र जेथे मोठ्या जलविद्युत प्रकल्पासाठी नदी बोगद्यात घातली जाते, तेथे मधल्या कित्येक किलोमीटरच्या पात्रात पाणी नाममात्र उरते. त्या पट्ट्यातल्या घराटाच्या पन्हळात धार येत नाही. दगड जागच्या जागी असतात, पाती सुकून फाटतात, आणि गावातील स्त्री दळणाचे गाठोडे डोक्यावर घेऊन रस्त्याकडेच्या विजेच्या चक्कीकडे चढण चढू लागते. तेथे पिठाचा वाटा चालत नाही, रोख पैसे लागतात; आणि खांबावरची वीज गेलेली असेल तर ती येईपर्यंत गाठोड्याजवळ बसून राहावे लागते.